जुने टॉवर स्पीकर घेताना आवाज शेवटी ऐका

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पुरवणीत वापरलेल्या हाय-एंड टॉवर स्पीकरवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) आलेला लेख वाचला. फोटो एकदम भारी, पण सगळा भर एकाच गोष्टीवर, की कुठल्या कंपनीचा आवाज गोड, कुठल्याचा मोकळा आणि कुणाचा बेस पोटात जाणवतो. मला हे पटलं नाही म्हणून लिहितोय. नवे स्पीकर घेताना हे ठीक आहे, पण १५-२०-२५ वर्षं वाजलेली जोडी घेताना आवाज सगळ्यात शेवटी ऐकायचा असतो. आधी बघायचं की उद्या काही गेलं तर दुरुस्त होणार का, मग आपल्या ॲम्पला (स्पीकरला पॉवर देणारा ॲम्प्लिफायर) ते झेपतील का, मग आपल्या खोलीत ते वाजतील का, आणि या तिन्हीतून जे दोन-तीन पर्याय उरतील त्यातला कानाला आवडेल तो घ्यावा. त्या लेव्हलला वाईट वाजणारं फारसं काही नसतंच हो, त्यामुळे शेवटी निवडायला भरपूर उरतं.

दुरुस्तीचं आधी सांगतो कारण लेखात त्यावर जेमतेम दोन ओळी आहेत. वूफरच्या (बेसचा ड्रायव्हर, ड्रायव्हर म्हणजे स्पीकरमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) कोनभोवतीची जी लवचिक कड असते, सराउंड म्हणतात ती, ती फोमची आहे का रबरची हा पहिला प्रश्न. फोम हवेतल्या दमटपणानं आणि उन्हानं १०-२० वर्षांत कुजतो, बोट लावलं की भुगा होतो, मग तो स्पीकर किती का नावाजलेला असेना. रबर बराच जास्त टिकतो. आता फोम कुजला म्हणजे सगळं संपलं असंही नाही, नवी कड चिकटवता येते, नेहमीच्या मापांची किटं मिळतात, फक्त व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) बरोबर मध्यावर बसवावी लागते नाहीतर ती घासायला लागते. त्यामुळे फोम गेलाय म्हणून मी जोडी सोडणार नाही, पण विकणारा ‘काही प्रॉब्लेम नाही, असंच वाजतं’ म्हणाला तर मात्र सोडेन.

खरा प्रश्न ट्वीटर आणि मिडरेंजचा, म्हणजे वरचे आणि मधले सूर वाजवणाऱ्या ड्रायव्हरांचा आहे. बऱ्याच लहान-मध्यम कंपन्या डेन्मार्कच्या स्कॅनस्पीक किंवा नॉर्वेच्या सीआसकडून ड्रायव्हर घेत आल्यात, अशा स्पीकरमधला एखादा ड्रायव्हर गेला तर तोच किंवा त्याच्या जवळपासचा मिळण्याची शक्यता बरी असते. याउलट ज्यांनी सगळं स्वतःच बनवलं तिथे तुम्ही त्या एकाच कंपनीवर अवलंबून. अमेरिकेच्या थिएलचं उदाहरण घ्या. फर्स्ट-ऑर्डर क्रॉसओव्हर (क्रॉसओव्हर म्हणजे सूर ड्रायव्हरांमध्ये वाटून देणारं सर्किट, फर्स्ट-ऑर्डर म्हणजे ही वाटणी अगदी हळूहळू करणारं), तिरकी पुढची बाजू, पुढच्या मॉडेलांमध्ये ड्रायव्हर बहुतेक घरचेच, वाजतात अप्रतिम. पण कंपनीचे डिझायनर जिम थिएल २००९ मध्ये वारले आणि २०१८ मध्ये कंपनीच बंद झाली. म्हणून थिएल घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण घेण्याआधी त्या मॉडेलचा प्रत्येक ड्रायव्हर कोण दुरुस्त करतं हे शोधा, उत्तर मिळालं नाही तर तसेच परत फिरा. केईएफचा युनि-क्यू ड्रायव्हर (१९८८ चा, मिडरेंजच्या मधोमध ट्वीटर) कल्पना म्हणून मला फार आवडतो, पण त्यात दोन्ही एकात एक बसवलेले असतात, त्यामुळे एक बिघडला की बहुतेक वेळा सगळं युनिटच बघावं लागतं. फोकलच्या युटोपियातला बेरिलियमचा ट्वीटर असेल तर जाळी काढून टॉर्चनं डोम नीट बघा आणि तो फुटलेला दिसला तर हात लावू नका, बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. बी अँड डब्ल्यूच्या २००५ नंतरच्या वरच्या मॉडेलांमध्ये हिऱ्याचा डोम आहे, तो बदलायची वेळ आली तर सौदा स्वस्तात पडल्याचा आनंद तिथेच संपतो.

आणखी एक. लेखात ‘मल्टीमीटर लावा, ओहम दाखवले की स्पीकर ओके’ असं लिहिलंय, हे अर्धवट आहे आणि त्यानं लोक फसतील. मागच्या टर्मिनलला मीटर लावला की फक्त वूफर मोजला जातो, कारण ट्वीटरच्या आधी कॅपॅसिटर असतो आणि त्यातून मीटरचा डीसी करंट जातच नाही. म्हणजे दोन्ही ट्वीटर जळालेले असले तरी मीटर आरामात सहाच्या आसपास आकडा दाखवणार. आणि उलट बाय-वायरिंगची (वरच्या-खालच्या ड्रायव्हरांना वेगळी वायर जोडायची सोय) पट्टी काढून वरच्या टर्मिनलला मीटर लावला तर चांगला ट्वीटर असूनही काहीच दाखवणार नाही, मग बिचारा घेणारा उगाच घाबरणार. ट्वीटर तपासायचा तर कान लावूनच तपासायचा, हळू आवाजात, प्रत्येक ड्रायव्हरपाशी जाऊन, डावा-उजवा सारखाच वाजतोय का ते बघत. जुन्या ट्वीटरमध्ये फेरोफ्लुइड (कॉइल थंड ठेवणारं चुंबकी द्रव) असेल तर ते सुकून घट्ट होतं आणि आवाज दबतो, एकाच बाजूचं सुकलं असेल तर हा फरक लगेच कळतो. मग वूफरसाठी २० ते २०० हर्ट्झचा टोन हळूहळू वर न्या, कुठे घरघर, कुठे खडखड ते ऐका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि विकणारा याला नाही म्हणत असेल तर काय समजायचं ते समजा.

क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही वयानं बिघडतात, ते बदलणं अवघड नाही. पण आधीच्या मालकानं ‘अपग्रेड’ केलंय असं अभिमानानं सांगितलं की मी सावध होतो. जुन्या कॅपॅसिटरचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स डिझाइनमध्ये धरलेला असू शकतो, त्याजागी महागडा फिल्म कॅपॅसिटर टाकला की ट्वीटर किंचित पुढे येतो, मालकाला वाटतं वा काय डिटेल वाढलं, प्रत्यक्षात बॅलन्स हललेला असतो. आणि एकाच बाजूचा बदलला असेल तर विचारूच नका. काढलेले मूळ पार्ट डब्यात ठेवलेले असतील तर तो माणूस विश्वासाचा. दोन्ही नगांचे सिरियल नंबरही बघा, जोडीचे आहेत ना.

आता ॲम्प. मोठा स्पीकर म्हणजे जास्त वॉट पाहिजेत एवढंच लोकांना माहीत असतं, पण जास्त महत्त्वाचा आहे किमान इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा ओहममधला अडथळा, तो जितका कमी तितका ॲम्पवर भार जास्त. इन्फिनिटी कप्पा ९ ची ख्यातीच अशी की इम्पिडन्स १ ओहमच्याही खाली जातो, ॲपोजी सिंटिला १ ओहमचा, थिएलची बरीच मॉडेलं ३ ओहमच्या आसपास. अशा लोडवर साधा इंटिग्रेटेड ॲम्प तापतो, बंद पडतो, कधी जळतोही. मग जोडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि तिला चालवायला तिच्याहून महाग पॉवर ॲम्प घ्यावा लागला, हा हिशोब कुणीच आधी करत नाही. सेन्सिटिव्हिटीचा (ठरावीक पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो) आकडाही नीट वाचावा, ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर, त्यामुळे ९० च्या जागी ८४ चा स्पीकर आणला तर चौपट. त्यात २.८३ व्होल्टवर दिलेला आकडा ४ ओहमच्या स्पीकरला ३ डेसिबल फुकट देतो, कारण ८ ओहमला तेवढ्या व्होल्टला १ वॉट जातो, तिथे २ जात असतात. ट्यूबचा छोटा ॲम्प असलेल्यानं क्लिप्शसारखे हॉर्नवाले (भोंगा असलेले), जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर बघावेत, फक्त जुन्या क्लिप्शहॉर्नला खोलीचे दोन मोकळे कोपरे लागतात हे विसरू नये.

खोलीबद्दल लेखक म्हणतात जागा असेल तर सिरीजमधला सगळ्यात मोठाच घ्या. का? ४ मीटर लांब खोलीत पहिला मोड (ज्या सुराला खोली घुमते तो) साधारण ४३ हर्ट्झला येतो, ५ मीटरच्या खोलीत ३४ ला, आणि मोठा स्पीकर नेमका तिथेच जोरात वाजतो. छोट्या टॉवरचा बेस तिथे आपोआप उतरत असतो म्हणून तोच स्वच्छ वाटतो. शिवाय तीन-चार ड्रायव्हर एकमेकांपासून लांब बसवलेला उंच स्पीकर दोन मीटरवरून ऐकला तर आवाज एक होत नाही, वरचं वेगळं खालचं वेगळं ऐकू येतं, आणि फर्स्ट-ऑर्डरवाल्यांचा आवाज तर कान किती उंचीवर आहेत त्यावरसुद्धा बदलतो. मागची भिंत खूप जवळ असेल तर मी सीलबंद कॅबिनेट बघेन, त्याचा बेस पोर्टवाल्यापेक्षा (कॅबिनेटला हवेसाठी भोक असलेला) हळूहळू उतरतो आणि भिंत जी भर घालते ती त्यात बऱ्यापैकी सामावते. पोर्टमध्ये फोमचा बोळा कोंबूनही थोडं जमतं, पण तो जुगाड आहे.

हे सगळं झालं की मग ऐका, अगदी मनसोक्त. फक्त दोन्ही जोड्यांचा आवाज आवाज मोजायच्या मीटरनं सारखा करून, कारण जरा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो, आणि एकदा तरी एकच स्पीकर मोनोत लावून. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडात जी अनेक वर्षं ब्लाइंड टेस्ट (कुठला स्पीकर वाजतोय ते न कळू देता) घेतली त्यात लोकांना स्पीकरचे दोष स्टिरिओपेक्षा मोनोत जास्त चटकन कळले. ऐकायला आपलं रोजचं गाणं न्या, शोरूमवाल्याचा ड्रम सोलो नको.

संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी अशा स्पीकरची यादी छापलीत तर प्रत्येक नावापुढे सराउंड कशाचा आहे, किमान इम्पिडन्स किती आणि सुटे ड्रायव्हर आज मिळतात की नाही एवढे तीन रकाने द्या. फोटो थोडे लहान झाले तरी चालतील.

आपला,
एक वाचक