‘लाखात एखाद्याला’ म्हणजे नक्की कोणाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला डॉक्टरसाहेबांचा लेख वाचला. रक्तदाबाच्या गोळीने लागणारी कोरडी ढास, कोलेस्टेरॉलच्या गोळीने दुखणारे पाय, सगळं छान समजावलंय, त्याबद्दल आभार. पण शेवटी ‘लाखात एखाद्याला होणारे चित्रविचित्र दुष्परिणाम सांगून रुग्णाला घाबरवू नये आणि नेटवर वाचून आलेल्या नातेवाइकांनी डॉक्टरांचा वेळ खाऊ नये’ असं जे लिहिलंय, ते वाचून संताप आला. मी त्या वेळखाऊ नातेवाइकांपैकीच एक.

माझ्या यजमानांना कंपवात (पार्किन्सन) आहे. सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली. भाजीवाल्याने रुपया जास्त परत दिला तर उन्हातून माघारी जाणारा माणूस. कंपवाताच्या लेव्होडोपा या औषधाच्या जोडीला प्रॅमिपेक्झोलची गोळी सुरू झाली, थरथर कमी झाली, मात्रा वाढवली, आम्ही पेढे वाटायचेच काय ते राहिलो होतो. मग पंचांगात, चष्म्याच्या डबीत, पोथीच्या पानांत लॉटरीची तिकिटं सापडू लागली. पुढे मोबाइलवर रमी. एक मुदत ठेव मोडली, ते मला पासबुक भरून आणल्यावर कळलं. एका रात्री दोनला उठून बघते तर मिक्सर पुरता खोलून बसलेले. लहान-मोठे स्क्रू ओळीने मांडायचे, गोळा करायचे, परत मांडायचे. खाली तुमचाच अंक अंथरलेला होता, तेवढा तरी त्याचा उपयोग झाला.

दिरांनी तोंडावर सांगितलं, “वहिनी, हा म्हातारचळ आहे, एटीएम कार्ड काढून घ्या.” मुलाने पुण्याहून फोन करणं बंद केलं. नणंदेच्या सांगण्यावरून नरसोबाच्या वाडीलाही नेऊन आणलं.

आमच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि तपासणी एकदाही चुकवली नव्हती. दर वेळी प्रश्न तेच. थरथर कशी आहे? चालताना तोल जातो का? झोप? पैशांचं कोणी विचारलं नाही. आणि आपण होऊन सांगणार कोण? नवरा जुगार खेळतो, हे कोणती बाई केसपेपरवर लिहून घेईल?

मोठे डॉक्टर परगावी होते म्हणून एकदा त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टर मुलगी बसली होती. तिने सहज विचारलं, “काका, खरेदी, जुगार, खाण्याची हाव, असलं काही हल्ली नव्याने सुरू झालंय का?” यजमानांनी मान खाली घातली. बाकीचं मी सांगितलं. हे त्या प्रॅमिपेक्झोलमुळे असू शकतं म्हणून तिने ती गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली. एकदम तोडली तर जीव घाबरा होतो, मनाने बंद करू नका, असं दोनदा बजावलं. लेव्होडोपाचं प्रमाण बदललं. थरथर थोडी वाढली, पण तिकिटं थांबली. रमीचं अ‍ॅप त्यांनी स्वतःच काढून टाकलं.

आता डॉक्टरसाहेबांच्या ‘लाखात एका’चं बघू. प्रॅमिपेक्झोल, रोपिनिरोल ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची नक्कल करतात. हात सुधारतो तो त्यानेच, आणि काही जिंकल्याचा आनंद मेंदूत जिथे होतो तिथेही तीच जाऊन पोहोचतात. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० कंपवात रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. या गटातली औषधं घेणाऱ्यांत असं अनावर वागणं १७.१ टक्के लोकांत दिसलं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. शंभरातले सतरा म्हणजे लाखात एक, हे कोणतं गणित? (त्या अनावर वागण्यात लैंगिक वागणंही येतं. पुरवणीत छापायला संकोच वाटला असेल तर मी समजू शकते.) फ्रान्समध्ये रेनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये रोपिनिरोलमुळे जुगारात बुडालेल्या रुग्णाला औषध कंपनीकडून भरपाई देवविली. तिथेही तो म्हातारचळच ठरला असता, पण तो माणूस कोर्टात गेला.

नेटवर वाचू नका म्हणता, मग कुठे वाचायचं? केमिस्ट कात्रीने दहा गोळ्या कापून देतो. सोबतचा कागद चुकून हाती आलाच तर अक्षरं मुंगीएवढी, भाषा इंग्रजी, आणि वर छापलेलं की हा फक्त नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, सध्या गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगातून. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल-फ्री नंबर. तिथे डॉक्टरच हवा असं नाही, रुग्णालाही कळवता येतं. लेखकमहाशयांचा हसरा फोटो थोडा लहान केला असता तर एवढी ओळ सहज मावली असती. पुढच्या पुरवणीत छापाल का?

आणखी एक, रागावू नका. केंद्राने २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणेपर्यंत रमीच्या पानभर जाहिराती तुमच्याच पहिल्या पानावर येत होत्या. खाली बारीक अक्षरात ‘जबाबदारीने खेळा’. यजमानांच्या कपाटात त्यातली एक नीट कापून ठेवलेली सापडली, बोनस कोडसकट. त्यावर तुमच्या पुरवणीत एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही.

कळावे.

– एक वाचक, मिरज
(नाव छापू नये ही विनंती. दिरांकडेही हाच पेपर येतो.)