हस्तलिखित पूर्ण न वाचता दिलेल्या परीक्षण अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
हस्तलिखित परीक्षण विभाग

महोदय,

माझी पहिली कादंबरी मी आपल्या सशुल्क परीक्षण सेवेकडे पाठवली होती. शुल्क आगाऊ भरलं. सहा आठवड्यांत अहवाल मिळेल असं पावतीवर छापलेलं होतं, तो पाच महिन्यांनी आला. नुसत्या उशिरासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं.

अहवालाचा मुख्य शेरा असा : ‘शेवटी नायक-नायिका दुरावतात. प्रेमकथेच्या वाचकाचा यामुळे हिरमोड होईल. शेवट बदलावा.’

माझ्या कादंबरीच्या शेवटी ते एकत्र येतात! कादंबरी ७२ हजार शब्दांची, ३१ प्रकरणांची आहे. २४व्या प्रकरणात नायिका त्याची छत्री परत करायला जाते, बराच वेळ दारापाशी उभी राहते आणि बेल न वाजवताच छत्री कडीला अडकवून जिना उतरते. हा प्रसंग १९८व्या पानावर आहे, आणि अहवालात उल्लेख झालेलं शेवटचं पानही १९८च. त्यापुढची सात प्रकरणं, जवळजवळ साठ पानं, परीक्षकांनी उघडलेलीच नाहीत. तो दार उघडतो, ती छत्री तशीच हातात घेऊन पावसात तिच्या मागे धावतो, हे अगदी पुढच्याच पानावर आहे हो.

समकालीन प्रेमकथेत साधारण तीन-चतुर्थांश कथा झाल्यावर ताटातूट येते, हे या प्रकारातलं रोज वाचणाऱ्याला सांगावं लागू नये. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेच्या व्याख्येत तर दोनच मूळ गोष्टी आहेत : केंद्रस्थानी प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट. माझ्याकडे तो नाही, असं आपल्या अहवालाने ठरवून टाकलं.

बरं, हस्तलिखितासोबत दोन पानी सारांशही होता. प्रकाशकाला पाठवायच्या सारांशात शेवट झाकून ठेवायचा नसतो, म्हणून मी तो स्पष्ट लिहिला होता. त्या दोन पानांसाठी मी तीन आठवडे खपले. तीही वाचली गेली नाहीत.

शिवाय परीक्षण चालू असताना हस्तलिखित दुसरीकडे पाठवायचं नाही, ही आपलीच अट. ती मी पाळली. पाच महिने माझी कादंबरी कुठल्याही संपादकाच्या टेबलावर गेली नाही. आणि खरं सांगते, हा अहवाल वाचून मी आठवडाभर शेवट मोडून नव्याने लिहायला बसले होते. माझंच काही चुकलं असेल, असं वाटत होतं.

म्हणून संपूर्ण हस्तलिखित दुसऱ्या परीक्षकाकडून, शेवटच्या पानापर्यंत, वाचून घ्यावं आणि नवा अहवाल महिन्याभरात द्यावा. ते शक्य नसेल तर पूर्ण शुल्क परत करावं. दोन्हीपैकी काहीही केलंत, तरी हस्तलिखित इतरत्र पाठवायला मी आजपासून मोकळी आहे, हे मला लेखी कळवावं.

पावती, अहवाल आणि १९८ ते २०५ या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
हस्तलिखिताची लेखिका