दिन्या, ते मलाही होतं

सांगली,
रविवार रात्र

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. इकडं सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, तरी तुळशीला पाणी घालायला जिना उतरतेच. माझी शुगर काठावर आहे, बाकी काही नाही. दीड वर्षात तुला एक फोन केला नाही, त्याबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी हे पत्र पुरतं वाच. आणि एकटा असताना वाच.

ताईचा धाकटा दिवाळीला आला होता. त्याचं नाव इथं घालत नाही, तुला माहीतच आहे. १९ पुरा झाला. वसुबारसेपासून बघतोय, पोरगं चकलीला हात लावेना, अंघोळीला गेलं की तासभर बाहेर येईना. ताईला वाटलं, एखाद्या पोरीचं काहीतरी असेल. मला तसं वाटलं नाही. तासतासभर बाथरूममध्ये कडी लावून बसणारा माणूस मी आधी पाहिलाय. कऱ्हाडच्या होस्टेलवर, रूम नंबर १७ मध्ये.

पाडव्याच्या रात्री त्याला गच्चीवर गाठलं. बराच वेळ ‘काही नाही मामा, काही नाही’ चाललं. मग खिशातनं एक बाटली काढून माझ्या हातात दिली. चामखीळ जाळायचं औषध. सील अजून फोडलेलं नव्हतं, पण उद्या-परवा फोडलं असतं. तिथल्या कातडीवर बारीक बारीक दाणे दिसले, मोबाइलवर फोटो पाहिले आणि पठ्ठ्यानं स्वतःच रोग ठरवून टाकला. “मामा, मी कुणाजवळ गेलोसुद्धा नाही, मग मला हे कसं झालं?” म्हणाला आणि रडायलाच लागला.

ती बाटली हातात घेतली आणि माझ्यापुढं तू उभा राहिलास. स्टँडमागच्या त्या माणसानं तुला दिलेला लेप. पुड्या, तेल, आंबट बंद, आणि वर ‘लहानपणीच्या चुकांची फळं’ हे प्रवचन. तो लेप लावून कातडी सोलली आणि दोन आठवडे तू पाय फाकून चालत होतास. सायकलवरनं पडलो म्हणून सांगायचास. पक्या तुला घोडेस्वार म्हणायचा, अख्खी विंग हसायची आणि तूही हसायचास. खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज, म्हणून त्याच्या पुढच्या सोमवारी त्याला डॉक्टरकडं नेलं. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ’. मधला शब्द वाचून पोरगं चौथ्या पायरीवरनं मागं फिरलं. मी दंड धरला आणि म्हणालो, “अरे, मलाही आहे ते. तुझ्याएवढा असल्यापासून आहे.” त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की काय सांगू. मग माझ्याआधी वर चढला.

डॉक्टर बाई होत्या, आपल्या कुलकर्णी मॅडमच्या वयाच्या. भिंग लावलेलं एक बॅटरीसारखं यंत्र असतं, त्यातनं दोन मिनिटं पाहिलं आणि मोबाइलवर फोटो मोठा करून त्यालाच दाखवला. पांढरट द्राक्षांचे मणी ओळीनं लावावेत तसं दिसत होतं. शिश्नाच्या टोकाच्या कडेनं गोल एक ओळ, काही ठिकाणी दोन. प्रत्येक मण्यात केसासारखी लाल रक्तवाहिनी. म्हणाल्या, “याला पर्ली पिनाइल पॅप्यूल्स म्हणतात. हा रोग नाही, शरीराची ठेवणच आहे. कुणाकडून लागत नाही, कुणाला लागतही नाही. अस्वच्छतेनं होत नाही, हातानं केल्यानंही होत नाही.” हे शेवटचं वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की पोरानं पहिल्यांदा मान वर केली. वयात आल्यावर हे दिसायला लागतात, विशीत ठळक असतात, पुढं वयाबरोबर फिके होत जातात. औषध काही नाही, कारण घालवायचंच काही नसतं.

मग चामखीळ कशी ओळखायची, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, दाणे सारखे आणि रांगेत असले, वर्षानुवर्षं तसेच राहिले तर ते हेच. चामखीळ खडबडीत, वेडीवाकडी असते, कुठंही उगवते, वाढत जाते. मधोमध खळगी असलेला दाणा असला तर तो मोलस्कम, म्हणजे विषाणूचा कातडीचा आजार, तो एकाकडनं दुसऱ्याला लागतो. फोड, जखम, दुखणं, पाणी येणं, असलं काही असेल तर थांबायचं नाही. आणि शंका आली तर मोबाइलवर निदान करायचं नाही, एकदा दाखवून जायचं. खाली कातडी ताणल्यावर पिवळसर ठिपके दिसतात, तेही त्याला छळत होते. त्या म्हणाल्या, त्या नुसत्या तेलग्रंथी, फोर्डाइस स्पॉट्स. १८९६ साली त्या नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं त्यांच्याबद्दल लिहिलं, आणि ते सुद्धा ओठांवरच्या. बहुतेक मोठ्या माणसांना असतात. घरी येऊन मी ओठ ताणून आरशात पाहिलं. आहेत. तूही बघ.

आता जे सांगायला बसलोय ते. बाईंनी आकडाही सांगितला: वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या १४ पासून ४८ पुरुषांपर्यंत हे दाणे आढळलेत. आपल्या विंगेत आपण ४० जण. कमीत कमी धरलं तरी पाच-सहा जण झाले. त्यातले दोघं रूम नंबर १७ मध्ये, एका मच्छरदाणीत.

परीक्षेच्या आधी टाकीवर बसून तू मला सगळं सांगितलंस आणि वर म्हणालास, “तुला नाही कळायचं, तुझं सगळं नीट आहे.” मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मलाही तेच होतं, दिन्या. मी तुझ्याएवढाच घाबरलेलो होतो, आणि तुला कळलं तर मी तुझ्यासारखा ठरेन म्हणून गप्प राहिलो. नोकरी लागल्यावर मिरजेत एका डॉक्टरला चोरून दाखवलं. त्यानंही हेच सांगितलं. त्या रात्री तुला पत्र टाकायला हवं होतं. टाकलं नाही. चार महिन्यांनी तुझं सासवडचं स्थळ आलं आणि ‘माझ्यात दोष आहे’ म्हणून तू नकार कळवलास. पक्याकडनं मला समजलं, तरी मी गप्पच. उलट त्याच वर्षी लेपासाठी तू घेतलेल्या २८०० रुपयांवरनं तुझ्याशी भांडलो आणि ते घेतलेही.

नंतर तुझं लग्न झालं, संसार झाला, तुला हे केव्हाच कळलं असेल. कळलं असेल ना? आपण पुन्हा कधी बोललोच नाही, म्हणून विचारतोय.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिमीचं दहावीचं वर्ष ना यंदा? भूमितीला जप म्हणावं. नांदेडात थंडी पडली असेल.

पोरगं काल परत गेलं. जाताना डब्यात चकल्या भरून नेल्या. ती बाटली माझ्या कपाटात आहे.

पुढच्या रविवारी सकाळी फोन करतो. उचल.

तुझा,
सुध्या