गोठ्यामागचं कुरण नांगरलं

कोल्हापूर,
२० मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, कुरण नांगरल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही गप्पच झालात, म्हणून सविस्तर लिहिते. ज्या गवतावर वीस वर्षं आपल्या म्हशी बांधल्या, तिथं नांगर घालताना माझाही जीव खालीवर झाला. पण म्हशी विकून सव्वा वर्ष झालं, तुम्ही गुडघ्यांपायी पुण्याला दादाकडं गेलात, आणि इकडं दहा गुंठं हरळीनं गिळलं. इतकं शेण-मूत प्यालेलं रान पड राहिलेलं बघवत नव्हतं.

तुम्ही म्हणायचा, आयतं खतावलेलं रान आहे, लगेच भाजी लाव. गेल्या पावसाळ्यात मी गुपचूप तेच केलं होतं. गवत तासून चार वाफे केले, उकिरड्यातलं शेण वर पसरलं आणि टोमॅटो लावला. श्रावणात रोपांनी माना टाकल्या. एक धरून ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मूळच नाही. खुरपं घातलं, तर बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या हुमणीच्या अळ्या अंग मुडपून बसलेल्या, डोकं तेवढं तांबूस. एका वाफ्यात अकरा निघाल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोलले नाही. हुमणीला गवताची मुळं आणि कच्चं शेण दोन्ही लागतं. मी दोन्ही तिच्या पुढ्यात वाढून ठेवलं होतं.

म्हणून यंदा घाई करणार नाही. खोल नांगरट करून ढेकळं उन्हात पडू दिलीत. नांगरामागं बगळे नुसते तुटून पडले होते! हरळीच्या काश्या, म्हणजे मातीतले पेरांचे दांडे, मी आणि शेजारच्या काकी रोज ऊन चढायच्या आत वेचतो. एक पेर मातीत राहिलं तरी पावसाबरोबर फुटतंय, त्यामुळे बांधावर टाकत नाही, वाळवून जाळते. लव्हाळा मात्र एवढ्यानं जायचा नाही. त्याच्यामागं वर्षभर खुरपं घेऊन लागावं लागणार.

परवा वळीव झाला. आई, दिवेलागणीनंतर आपल्या कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे आले, पानं कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता. खाली ताडपत्री टाकून काठीनं फांद्या झोडल्या, तर टपाटपा पडले. रॉकेल घातलेल्या पाण्यात पाऊण बादली भरली. माद्या जमिनीत अंडी घालायच्या आधी हे चार-पाच संध्याकाळी केलं, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

मिरगाला सगळ्या रानात हिरवळीच्या खतासाठी ताग टाकणार, सहा किलो बी आणून ठेवलंय. दीड महिन्यानं फुलं दिसू लागली की गाडायचा. गवताची मुळं कुजताना मातीतलं नत्र काही दिवस अडकून राहतं, त्यामुळे गाडल्यावरही थोडी सवड द्यायची. मग वीतभर उंचीचे गादीवाफे करणार; आपल्याकडच्या पावसात सपाट वाफ्यात पाणी साठून मुळं कुजतात. उकिरड्यातलं शेण अजून आतून कच्चंच आहे. ते चहाच्या चोथ्यासारखं सुटं होऊन वास पूर्ण गेल्याशिवाय वाफ्यात टाकणार नाही. मेथी-कोथिंबीर आपण कच्चीही खातो, कच्च्या शेणातले जंतू पोटात जायला नकोत.

दसऱ्यानंतर कोबी, वांगी, मेथी लावायचा विचार आहे. बटाटा, रताळं यंदा नाहीच, हुमणी आधी तिथंच जाईल. गाजरालाही थांबायला लावणार; ताज्या खताच्या रानात त्याला फाटे फुटतात. आई, तुझ्या बरणीतलं घेवड्याचं बी दिवाळीला येताना घेऊन ये. बाबांनी बांधावर खुर्ची टाकून नुसतं सांगायचं, वाकायचं नाही. गुडघ्याचं तेल लावता ना रोज?

आणि बाबा, विहिरीवरून गोठ्याकडं येणारी जुनी पाइप नक्की कुठून जाते? ती फुटेल या भीतीनं गोठ्यालगतची चार हात पट्टी न नांगरता ठेवलीय. रविवारी ट्रॅक्टर परत येणार आहे, त्याआधी फोन करा.

तुमची,
ताई