सासुरवाडीच्या मूळ गावाहून

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

प्रिय बाळ्या,

फोनवर तू खवचटपणे विचारलंस, "इटलीला जाऊन रोम नाही, व्हेनिस नाही, मग केलंस काय?" तेव्हा बायको शेजारीच बसली होती, म्हणून विषय टाळला. आता सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

माझी सासुरवाडी व्हाल्डीज. इथून दीडेक तासावर, डोंगरपायथ्याचं लहानसं गाव. 1893च्या मे महिन्यात इटलीतून येऊन इथे आगगाडीनं उतरलेल्या 29 जणांच्या पहिल्या तुकडीनं ते वसवलं. ही सगळी मंडळी वाल्डेन्शियन, म्हणजे प्रॉटेस्टंट बंडाचा जनक लूथर, त्याच्याही सुमारे साडेतीनशे वर्षं आधीचे ख्रिस्ती बंडखोर. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लियाँ शहरात वाल्डो नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यानं पैसाअडका वाटून टाकला, बायबलचे भाग लोकांच्या बोलीत उतरवून घेतले आणि रस्त्यावर उभं राहून प्रवचनं सुरू केली. कॅथलिक चर्चला विचारायला कोण गेलं होतं? 1184मध्ये सगळ्यांना बहिष्कृत केलं. त्यातले काही पुढे आल्प्सच्या दऱ्यांत जाऊन राहिले आणि तिथेच टिकले.

माझे सासरे तू लग्नात पाहिलेस. उंच, अबोल, उभा जन्म पायमोजे विणणाऱ्या गिरणीत गेलेला. हा अबोल माणूस एकाच विषयावर खुलतो: "आमचे लोक धर्मासाठी देशोधडीला लागले." दिवाणखान्यात भिंतीवर वाल्डेन्शियनांचं चिन्ह लावलेलं आहे, पेटती मेणबत्ती, भोवती सात तारे, आणि लॅटिनमध्ये 'अंधारात प्रकाश उजळतो' असं वाक्य. मूळ गाव एकदा डोळ्यांनी बघायचं हा त्यांचा जुना हट्ट होता. यंदा आम्ही सगळेच निघालो.

तुरीनहून पिनेरोलो, तिथून तोर्रे पेल्लिचे. हे वाल्डेन्शियनांचं मुख्य ठाणं. दर ऑगस्टमध्ये त्यांच्या चर्चची सभा इथे भरते. 1852चं चर्च आत अगदी सुनं. मूर्ती नाही, चित्र नाही, समोर व्यासपीठ आणि उघडलेलं बायबल. रविवारी प्रवचन एका बाईंनी केलं. सासऱ्यांना इटालियनचं अक्षर कळत नाही, पण एका स्तोत्राची चाल ओळखीची निघाली, आणि ते आपले इंग्रजीतून मोठमोठ्यानं गाऊ लागले. बायको लाजेनं खाली बघत होती. मला मजा आली.

आंग्रोन्याच्या दरीत एक कपार आहे, दगडांच्या फटीतून सरपटत आत जायचं. छळाच्या काळात तिथे लपून प्रार्थना होत, अशी आख्यायिका. सासरे दुखऱ्या गुडघ्यांनी शिरले, आणि बाहेर काढताना मी आणि मेहुणा घामाघूम! जवळच शांफोरान. तिथे 1532मध्ये सभा घेऊन यांनी स्वित्झर्लंडकडच्या प्रॉटेस्टंट सुधारकांशी हातमिळवणी केली आणि फ्रेंच बायबल छापायला पैसे उभे करायचं ठरवलं. डोंगरातले मेंढपाळ आणि शेतकरी! ते बायबल 1535मध्ये छापून झालं. मला लढायांपेक्षा हे जास्त थोर वाटतं, पण सासऱ्यांना लढायाच हव्या होत्या.

त्या तर भरपूर आहेत. 1655च्या ईस्टरला इथला राज्यकर्ता असलेल्या सवॉयच्या ड्यूकच्या सैन्यानं या दऱ्यांत कत्तल केली. इंग्रज कवी मिल्टननं त्यावर सुनीत लिहिलं, इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेलनं निषेधाची पत्रं धाडली. 1686मध्ये पुन्हा हल्ला, तुरुंगात हजारोंचे हाल, उरलेल्यांना हद्दपारी. 1689मध्ये आन्री आर्नो हा पाळक नऊशेच्या आसपास माणसं घेऊन जिनिव्हाच्या सरोवराकाठून निघाला आणि बर्फाळ खिंडी ओलांडून घरी परतला. त्यातले उरलेसुरले लोक बाल्सिल्याच्या कड्यावर अख्खा हिवाळा फ्रेंच फौजेला पुरून उरले. तो कडा आम्ही खालून पाहिला. सासरे टोपी काढून बराच वेळ उभे होते.

आता खरी गोष्ट. तोर्रे पेल्लिचेच्या संग्रहात जुन्या नोंदवह्या आहेत, त्याही फ्रेंचमध्ये. 1630च्या प्लेगमध्ये यांचे बहुतेक पाळक दगावले, नवे जिनिव्हाकडून आले आणि उपासनेची भाषा फ्रेंच झाली. सासऱ्यांच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. सासऱ्यांनी तिथल्या वयस्कर बाईंना विचारलं, "यांना कुणी हाकललं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "कुणीच नाही. 1848मध्ये राजा कार्लो आल्बेर्तोनं आम्हाला नागरी हक्क दिले. त्याआधी लोक मारले जात होते. त्यानंतर निघून गेले ते भुकेनं."

दुसऱ्या दिवशी जेर्मानास्काच्या दरीत, पेर्रेरोच्या वर चढून पणजोबांची वाडी गाठली. दगडी घरं, छपरांना दगडाच्याच फरश्या, बहुतेक कुलूपबंद. उतारावर ताली घालून केलेली शेतं, इतकी अरुंद की नांगर फिरणार नाही. माती पावसात खाली उतरायची आणि वसंतात माणसं ती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वर न्यायची. पीक काय, तर राय नावाचं गव्हासारखं धान्य आणि बटाटा. घरात पोरं सात-आठ. कुणी खालच्या शंखजिऱ्याच्या खाणीत गेले, काही 1850च्या दशकापासून उरुग्वेला, आणि ही मंडळी अमेरिकेत. तिथेही जमीन निकृष्टच मिळाली, म्हणून गिरण्या निघाल्या.

बाळ्या, तिथे उभा असताना मला तुझे आजोबा आठवले. पाटणच्या डोंगरातली दोन पट्ट्यांची वरकस जमीन, खाणारी तोंडं नऊ, आणि एक दिवस ट्रंक घेऊन लालबागला गिरणीत. त्यांना कुणी शूरवीर म्हटलं नाही, पोटासाठी आलेला माणूस म्हटलं. मी हे सासऱ्यांना सांगितलं. ते रागावले. संध्याकाळभर गप्प.

जेवायला सुपा बार्बेत्ता होती, म्हणजे कोबीची पानं आणि कुरकुरीत पावाच्या काड्या थर लावून रश्शात तासन्‌तास शिजवलेल्या. चव अगदी मिळमिळीत. बॅगेतली लसणाची चटणी कामाला आली. तिथे बायकोनं तोंड उघडलं. म्हणाली, "दोघेही अर्धवट बोलताय. 1848च्या आधी यांना दऱ्यांबाहेर जमीन घ्यायला बंदी होती, वकिली बंद, बऱ्याच नोकऱ्या बंद. पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर कोंडलं. मग भूक कुठून आली?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासऱ्यांनी मात्र पहिल्यांदा चटणी मागितली.

परत आल्यापासून ते चर्चच्या जेवणात तीच जुनी गोष्ट सांगतात, फक्त मातीच्या टोपलीचा भाग मध्ये घालतात. 2015मध्ये पोप फ्रान्सिसनं तुरीनच्या वाल्डेन्शियन चर्चमध्ये जाऊन क्षमा मागितली, हेही सांगतात, आणि पुढे म्हणतात, "आठशे वर्षं म्हणजे जरा उशीरच झाला."

डिसेंबरात मी मुंबईत आहे. तुझ्या आजोबांच्या जमिनीचा सातबारा तुझ्या काकांकडे असेल तर आधी मागवून ठेव. गाडी मी काढतो, एसटीचा नाद नको. काकूंना नमस्कार, चिंगीला लाड.

तुझा,
नंदू