चार्ज यादीत मूल कुठे आहे?

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

शाळेबद्दलचं पत्र शालेय शिक्षण मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण आपला विभाग ठरवतो. मुलाचं शिक्षण एका खात्याकडे आणि त्याच्या बाईंची बदली दुसऱ्या खात्याकडे. माझ्या मुलाचं गेलं वर्ष या दोन खात्यांच्या मध्ये वाया गेलं.

त्याला अतिचंचलता आहे, डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात ते. राग आला की त्याला आवरत नाही. हातातलं भिरकावतो, वर्गातून उठून पळतो. पहिली ते तिसरी त्याला एकच बाई होत्या आणि त्यांनी तो हळूहळू ओळखला. त्याला दाराजवळ, पुढच्या पट्टीवर बसवायचं. गणित थांबवून मराठी काढायची असेल तर त्याला पाच मिनिटं आधी वेगळं सांगायचं, एकदम ‘वह्या बंद’ म्हणायचं नाही. राग चढायच्या आधी त्याचे कान लाल होतात; ते दिसले की पाण्याची कळशी भरायला धाडायचं. चिडलेला असताना हात धरायचा नाही. चारचौघांत बोलायचं नाही, मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन बोलायचं. हे सगळं कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं, रोज बघून बघून त्यांना उमगलं होतं. तिसरीत तो धडा मोठ्यानं वाचायला लागला. वर्गातल्या पोरांनी त्याला खेळायला घ्यायला सुरुवात केली, याचं मला वाचनापेक्षा जास्त अप्रूप होतं.

मे महिन्यात बाईंची बदली झाली. शाळा उघडली तेव्हा वर्गात दुसऱ्या तालुक्यातून आलेले सर होते. मुलाला कुणी आधी काही सांगितलं नव्हतं, सरांनाही नाही. सर मनापासून शिकवणारे आहेत, त्यांना मी दोष देत नाही. पहिल्याच आठवड्यात मुलगा चिडला, सरांनी समजूत काढायला त्याचा हात धरला आणि तो त्यांना चावला. मग त्याला मागे, एकट्याला बसवायला लागले. इतर पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. आमच्या घरी रोज सकाळी पोटदुखी सुरू झाली.

साहेब, बाई कार्यमुक्त झाल्या तेव्हा रीतसर चार्ज, म्हणजे शाळेच्या वस्तूंचा आणि कागदांचा ताबा, दिला-घेतला गेला होता. पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक, जडवस्तू संग्रह नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या, पासबुक, सगळं लिहून, सह्या करून. तांदळाचा किलोकिलोचा हिशेब नव्या माणसाला मिळतो. ‘या मुलाचा रागात हात धरू नका’ हे एक वाक्य त्या कागदांत लिहायला जागा नाही.

मी बदल्यांच्या विरोधात नाही. वर्षानुवर्षं अवघड क्षेत्रात काढलेल्या शिक्षकालाही घराजवळ यायचा हक्क आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानंतर बदल्या ऑनलाइन झाल्या, वशिल्याला वाव कमी झाला, हे चांगलंच झालं. त्याच धोरणात विशेष संवर्ग आहे, म्हणजे बदलीत ज्यांचा विचार आधी होतो अशा शिक्षकांचा गट. मतिमंद मुलाच्या शिक्षक-पालकाला त्यात प्राधान्य मिळतं. अशा मुलाला ओळखीचं माणूस जवळ लागतं, हे आपल्या विभागानं मान्यच केलं आहे. पण ते शिक्षकाच्या घरातल्या मुलापुरतं. त्याच्या वर्गात बसलेल्या मुलाचा विचार त्या निर्णयात कुठेच येत नाही.

अशा मुलांना माणूस बदलला की सगळी शाळाच बदलल्यासारखी वाटते. बाकीची मुलं नव्या सरांचा स्वभाव आठ-दहा दिवसांत हेरतात. याला आपल्या रागाचा लगाम स्वतःच्या हातात नीट सापडलेला नसतो, तो ओळखीच्या मोठ्या माणसाच्या आधारानं धरत असतो. तो आधार एका रात्रीत काढला की मूल मागे जातं, आणि आपण म्हणतो पोरगं बिघडलं.

विशेष शिक्षकांचं म्हणाल तर कागदावर तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये पहिली ते पाचवीसाठी विशेष गरजा असलेल्या दर १० मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. आमच्याकडे गट साधन केंद्रातून, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रातून, येणाऱ्या एका मॅडमकडे इतक्या शाळा आहेत की त्यांची पाळी येईपर्यंत महिना उलटतो. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण अतिचंचलतेचं वेगळं नाव नाही. त्यामुळे नुसती अतिचंचलता असलेलं मूल दिव्यांग प्रमाणपत्राशिवाय राहतं आणि गणतीतून सुटतं. म्हणून मी जे मागते आहे ते प्रमाणपत्राला बांधू नका, वर्गशिक्षकाच्या निरीक्षणावर सोडा.

चार्ज यादीला एक पान जोडा. वर्गातल्या ज्या मुलांना वेगळं सांभाळावं लागतं त्यांच्याबद्दल जाणाऱ्या शिक्षकानं लिहिलेलं: कशानं बिथरतं, कशानं शांत होतं, काय अजिबात करू नये, शाळेत त्याचं आणखी कुणाशी जमतं. आमच्या मुलाचं खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी जमतं. नव्या सरांना हे दिवाळीनंतर कळलं, आणि तेही योगायोगानं. हे पान पालकांना दाखवून लिहावं आणि फक्त नव्या शिक्षकाच्या हाती द्यावं, कारण ते गावभर फिरलं तर त्याचा शिक्काच होईल.

बदलीचे आदेश शक्यतो उन्हाळी सुट्टीच्या आधी निघावेत, म्हणजे जुन्या बाई आणि नवे सर वर्गात निदान एक दिवस एकत्र उभे राहतील आणि मूल ते बघेल. ते जमलं नाही तर पहिल्या महिन्यात त्या दोघांचं फोनवर बोलणं तरी सक्तीचं असावं, आणि गट साधन केंद्राची पहिली भेट अशा वर्गाला असावी. द्विशिक्षकी शाळेतून दोन्ही शिक्षक एकाच वर्षी हलवू नयेत. यात नवं पद नाही, अनुदान नाही. पुढच्या बदली प्रक्रियेचा शासन निर्णय काढताना शालेय शिक्षण विभागाला सोबत बसवून चार कलमं वाढवावी लागतील.

पुढच्या वर्षी मुलगा पाचवीत जाईल. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे, त्यामुळे शाळा आणि शिक्षक दोन्ही बदलणार आहेत. ते पान मी स्वतः लिहून ठेवलं आहे. नव्या शाळेनं ते माझ्याकडून घेतलंच पाहिजे, एवढा आदेश जूनच्या आधी निघावा, ही विनंती.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतल्या एका मुलाची आई

प्रत : मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य