डिफ लॉक अडकलं की लगेच हाउसिंग खोलू नका

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात द्राक्षावर भरपूर येतं, डाऊनी-भुरीसारखे रोग, भाव, निर्यात, सगळं वाचतो आम्ही, पण ज्या ट्रॅक्टरवर बसून फवारणी करायची त्याच्यावर दोन ओळी पण नसतात म्हणून लिहितोय. विषय तसा बारका आहे, छोट्या ट्रॅक्टरचं डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधून सारखी फिरवणारी कळ, अडकणं. पण गोडी छाटणीनंतर (फळासाठी करतात ती) पाऊस लागला की निफाडला जा नाहीतर दिंडोरीला, हीच रड ऐकायला मिळते.

पाऊस झाला की डाऊनीच्या भीतीने वाफशाची वाट बघता येत नाही, काळ्या रानात ब्लोअर (फवारणीचं यंत्र) घेऊन उतरावंच लागतं. ९ फुटी ओळीत एक चाक जागेवर फिरायला लागलं की ड्रायव्हर टाचेने डिफ लॉकचं पेडल दाबतो, मागची दोन्ही चाकं बरोबर ओढतात आणि ट्रॅक्टर निघतो. पाय काढला की स्प्रिंगने लॉक सुटायला पाहिजे, ते सुटत नाही, आणि ओळीच्या टोकाला स्टेअरिंग कितीही मारा, गडी सरळच निघतो, समोर मांडवाचे अँगल आणि तारा!

मग वर्कशॉपला फोन, आणि तिकडून पहिलं वाक्य, हाउसिंग (मागच्या एक्सलची पेटी) खोलावं लागेल. नाव कुणाचं घेत नाही, पण ऐन फवारणीत ट्रॅक्टर खोलून शेडमधे पडला तर बाग कुणाच्या भरवशावर सोडायची? आमच्या भागात मी जे बघतोय त्यात बिघाड बऱ्याचदा आतमधे नसतोच.

होतं काय, लॉक लागलेलं असताना दोन्ही चाकं सारखीच फिरतात, पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते जमलं नाही की एक्सलमधे पीळ बसतो आणि लॉकचे दात एकमेकांत घट्ट दाबले जातात, मग बिचारी स्प्रिंग काय ओढणार. अशा वेळी पेडलवर हातोडा घालून काही होत नाही, लॉक सरकवणारा आतला फोर्क वाकला तर खरंच हाउसिंग खोलायची पाळी येते. आधी क्लच दाबा, थांबा, स्टेअरिंग सरळ करा आणि थोडं रिव्हर्स घ्या, पीळ निघाला की लॉक आपोआप सुटतं. नाहीच सुटलं तर मोकळ्या मऊ जागेत एकदम हळू चालवत डावं-उजवं ब्रेक आलटून पालटून हलकंसं दाबायचं, हलकंसं म्हणजे हलकंसंच. डांबरी रस्त्यावर मात्र असा ट्रॅक्टर आणूच नका, तिथं टायर घसरत नाही, सगळा ताण एक्सल आणि क्राऊन पिनियनवर (मागच्या मुख्य गिअरवर) जातो.

पीळ काढूनही पेडलच वर येत नसेल तर दुखणं बहुतेक बाहेरचं. पेडलच्या पिनाभोवती चिखल वाळून बसतो, वरून फवारणीतलं मोरचूद (तांब्याचं औषध) आणि गंधकाचं पाणी उडतं, मोरचूद लोखंडाला कसं खातं ते आपल्याला सांगायला नको. इंजिन बंद, चाकांना उटी (घसरू नये म्हणून लावायचा दगड नाहीतर ठोकळा), मग चिखल खरडून डिझेलने धुवायचं, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवायचं, सकाळी पेडल हाताने खालीवर करून मोकळं करायचं, आणि ग्रीस भरायचं निपल असेल तर ग्रीस. स्प्रिंग तुटलीय का तेही बघा, ती किरकोळ वस्तू आहे.

आता पेडल वर आलंय पण लॉक सुटलंय की नाही कळत नाही, तर पुढच्या चाकांना पक्की उटी लावून मागची दोन्ही चाकं उचला, खाली नुसता जॅक नको, स्टँड पाहिजेच. इंजिन बंद ठेवून गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर लॉक मोकळं आहे, चाक हललंच नाही तर आत अडकलंय, तेव्हा मेकॅनिकला बोलवा, तिथं घरी खटपट करायची नाही. हाउसिंगचं ऑइल दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय, तेही त्याला सांगा.

डिलिव्हरी देताना शोरूमवाले नारळ फोडतात, हार घालतात, फोटो काढतात, पण हे पेडल कधी दाबायचं आणि वळायच्या आधी का सोडायचं हे पाच मिनिटं रानात दाखवायला काय जातं? ड्रायव्हर बहुतेक रोजावरचा पोरगा असतो, त्याला पुस्तिका कुणी देत नाही आणि दिली तरी ती बऱ्याचदा इंग्रजीत. कृषी विज्ञान केंद्राने सप्टेंबरात, छाटण्या सुरू व्हायच्या आधी, औषधांच्या कार्यक्रमातच एक तास ट्रॅक्टरसाठी ठेवावा आणि ड्रायव्हर लोकांना बोलवावं, मालकांना नाही. आणि आपण पेपरात फवारणीचं वेळापत्रक छापता त्याच्या शेजारी एवढी जागा द्यावी ही विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक